रोजचे पाच शब्द

८ सप्टेंबर

निवृत्त झाल्यावर दैनंदिनी लिहीन असं म्हणत होतो. त्याला दोन वर्षं झाली. आज सुरुवात करतो आहे, कारण आता लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

काल जेवताना गार्गीने सांगितलं की तिला लग्न करायचं आहे. मुलाचं नाव ग्लेन मिस्किटा. तिच्याच ऑफिसात आहे, अंधेरीला, एमआयडीसीत. घर जवळच, मरोळला. मी आमटी वाढून घेतली. विचाराला वेळ हवा असला की मी आमटी घेतो.

मी पुढारलेल्या विचारांचा माणूस आहे. जात, धर्म हे सगळं माणसाने केलेलं आहे, असं मी गार्गीला ती शाळेत असल्यापासून सांगत आलो. ती ते इतकं लक्षात ठेवेल असं वाटलं नव्हतं.

"बाबा, काहीतरी बोल ना."

"माझा विरोध नाही."

"मग कधी जायचं त्यांच्याकडे? ते बोलावतायत."

तेव्हा खरी अडचण ध्यानात आली. ख्रिश्चन मंडळी. घरात इंग्रजीच बोलणार. माझं इंग्रजी पेंट कंपनीच्या खरेदी विभागातलं. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' इथे सुरू होतं आणि 'काइंडली डू द नीडफुल' इथे संपतं. टाइप केलेल्या कागदावर ते शोभतं. व्याह्यांच्या दिवाणखान्यात शोभणार नाही. मुलीच्या बापाने चारचौघांत मुक्यासारखं बसायचं, हे मला मान्य नाही.

तेव्हा ठरवलं. उद्यापासून इंग्रजी पेपर. रोज पाच भारी शब्द काढायचे आणि त्याच दिवशी मोठ्याने वापरायचे. शब्दसंपत्ती पुरेशी झाली की मरोळ.

गार्गी म्हणाली, "बाबा, अरे त्यांच्या घरी ना, ऐक तरी..."

मी म्हणालो, "आधी तयारी."

१० सप्टेंबर

आजचे शब्द: इम्पास, प्रोट्रॅक्टेड, कन्डेम, अनप्रेसिडेंटेड, रिटॅलिएट.

इम्पास म्हणजे वाटाघाटी अडून बसणं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून अडलं तेव्हा वापरला. तो म्हणाला, "काका, पंधराच्या खाली परवडत नाही." अर्थ बरोबर पोचला असावा.

शुभाला म्हणालो, आजच्या पोळ्या अनप्रेसिडेंटेड आहेत. याआधी कधी झाल्या नाहीत अशा, असा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे पस्तीस वर्षं काय दगड खात होता?" अर्थ सांगायला नको होता.

संध्याकाळी गार्गी ऑफिसातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आज किती?" पाच, असं सांगितलं. "झकास," म्हणाली. मुलीला बापाच्या प्रगतीत रस आहे, हे पाहून बरं वाटलं.

३० सप्टेंबर

गार्गी रोज आल्या आल्या विचारते, "आज किती?" मी सांगतो. मग विचारते, "मग जाऊया?" मी म्हणतो, अजून थोडे.

एक अडचण आहे. पेपरात शब्द येतात ते सगळे युद्धाचे, कोर्टाचे, नाहीतर पुराचे. मला आता निषेध किमान आठ प्रकारे करता येतो. सैन्य मागे घेता येतं. जामीन फेटाळता येतो. पण 'तुमचा मुलगा सालस दिसतो' हे म्हणायला एकही शब्द मिळालेला नाही. सालस माणसांच्या बातम्या येत नसाव्यात. आहे त्यावरच भागवावं लागेल.

१४ ऑक्टोबर

सकाळी बागेत अनिरुद्ध भेटला. माझा ऑफिसातला जुना सहकारी, आता समोरच्याच इमारतीत राहतो. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नंद्या, हुशार आहेस. लांबवत राहा. आजकालच्या पोरांची चार महिन्यांत आपोआप मोडतात."

मी त्याला ताडकन सांगितलं, की मी लांबवत नाही, मी शिकतो आहे.

पण त्याचं बोलणं ऐकून क्षणभर बरं वाटलं होतं. का वाटलं ते इथे लिहीत नाही.

आजचे शब्द: डिफर, रिलक्टंट, टॅक्टिकल, कव्हर्ट, प्रिटेक्स्ट. शेवटच्याचा अर्थ 'निमित्त'. वापरायला प्रसंग मिळाला नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मरोळहून फराळाला या असं आमंत्रण होतं. ख्रिश्चनांकडे फराळ कसला? गार्गी आमच्या शब्दांत सांगत असेल. मी कळवलं की तीनशे शब्दांचा टप्पा व्हायचा आहे, त्यानंतर नक्की. ग्लेनने स्वतः फोन केला. मी तयारच होतो. त्याला म्हणालो की सध्याची परिस्थिती नाजूक आहे, पण दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. सगळं इंग्रजीत, एका दमात. तो जरा थांबून म्हणाला, "ओके, अंकल." इतकंच. प्रभाव पडला असावा.

१ नोव्हेंबर

शुभा हल्ली दर शनिवारी अंधेरीला माधुरीकडे जाते. माधुरी तिची मावसबहीण. वीस वर्षं दोघी लग्नकार्यातच भेटायच्या, आता एकदम माया उतू चालली आहे. आज येताना डब्यात गोल, फुगलेलं, आतून पोकळ, किंचित गोडसर असं काहीतरी तळलेलं आणलं. याला फुगे म्हणतात म्हणे. मी सात खाल्ले. माधुरीच्या हाताला पूर्वी चव नव्हती. वय झाल्यावर माणूस सुधारतो.

१६ नोव्हेंबर

आज धक्का बसला. गार्गीने ग्लेनच्या आईची भेट म्हणून बाटली आणली. बिअरची. तपकिरी, तोंडात कापडाचा घट्ट बोळा. अजून एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत आणि बाटली. मी आधुनिक आहे, पण काही क्रम असतो.

मी म्हणालो, "हे ॲपॉलिंग आहे."

शुभाने बोळा काढला आणि बाटली माझ्या नाकाखाली धरली. मला ओळीने शिंका आल्या. आत लाल मसाला होता. त्यांच्यात वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटतात आणि बाटल्यांत ठासून भरतात, त्याला बाटलीचा मसालाच म्हणतात, असं शुभाने सांगितलं. हे तिला कसं माहीत विचारलं, तर म्हणाली, "माधुरी म्हणाली."

संध्याकाळी त्या मसाल्यातली बटाट्याची भाजी झाली. निषेध मागे घेतला.

५ डिसेंबर

गार्गीने पुन्हा विषय काढला. "बाबा, ख्रिसमसला बोलावलंय. ग्लेनची आजी तुझी वाट बघतेय. आणि तू उगाच एवढं टेन्शन घेतोयस, ते लोक..."

"उगाच नाही," मी म्हणालो. "आता जरा वाक्प्रचार बघतो आहे. शब्द सुटे असून चालत नाहीत."

"बाबा, मला काय सांगायचंय ते तरी ऐक ना यार!"

"तू मला सोपं करून सांगणार. मला सोपं नको आहे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आतून शुभाचा आवाज आला, "राहू दे गं. हे काढून घेतलंस तर दुसरं काहीतरी शोधतील." माझ्या पेपरातल्या कात्रणांबद्दल असावं. रद्दीवाला सकाळीच येऊन गेला होता.

१९ डिसेंबर

गार्गीने गेले काही दिवस 'आज किती' विचारलेलं नाही. ऑफिसात काम वाढलं असेल. आज मी आपणहून सांगितलं, "पाच." ती म्हणाली, "हं."

२६ डिसेंबर

ख्रिसमसला मला सर्दी होती. सर्दीत उच्चार बिघडतात. गार्गी एकटीच गेली. शुभा माधुरीकडे गेली. घरी मी आणि पेपर. सगळ्या पानांवर हसणाऱ्या लोकांचे फोटो, एकही कामाचा शब्द नाही.

दुपारी गार्गीच्या खोलीत डिक्शनरी शोधायला गेलो. तिच्या टेबलावर माझा फोटो आहे, तिला खांद्यावर घेतलेला, एस्सेल वर्ल्डचा. बोटीत तिने भीतीने माझे केस धरले होते, ते फोटोत अजून तसेच धरलेले आहेत. डिक्शनरी न घेता परत आलो.

मला रडू आलं. सर्दी होतीच.

४ जानेवारी

आज घरात भांडण झालं, सरळ लिहितो.

गार्गी माझ्या समोर येऊन बसली. टीव्ही बंद केला. म्हणाली, "बाबा, पंचवीस जानेवारीला त्यांच्याकडे साखरपुडा आहे. रविवारी. तारीख तुला विचारून ठरवणार होतो, पण तुला विचारून काहीच ठरत नाही. मी लग्न करणार आहे. तुझ्याशिवाय पण करीन. पण मग ते माझ्या डोक्यातून कधीच जाणार नाही, आणि तुझ्या पण नाही."

मी म्हणालो, "माझा विरोध नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं."

"हो ना. विरोध नाही. मग काय आहे?"

मला पाचशेच्या वर शब्द येतात. एकही आठवला नाही.

ती गेल्यावर शुभा म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून तुम्ही जात नाही असं नाही. तुम्हाला जायचं नाही, म्हणून तुम्हाला इंग्रजी येत नाही."

हे संपूर्ण चुकीचं आहे. मी तिला तसं सांगितलं. मग बाहेर पडून पायी कांजूरमार्गापर्यंत गेलो आणि बसने परत आलो. पूर्ण वेळ उत्तर शोधत होतो.

१२ जानेवारी

शुभाच्या बोलण्यावर विचार केला. थोडं बरोबर असेल. लोक काय म्हणतील, हा भाग आहे. माझ्या बहिणी काय म्हणतील, हा आहे. घरात एकच मुलगी, ती आता रविवारी चर्चमध्ये जाईल का, नातवाचं नाव काय ठेवतील, त्याला माझं बोलणं कळेल का, हे सगळं आहे. हे गार्गीला सांगायची सोय नाही. वीस वर्षं तिला जे शिकवलं त्याच्या बरोबर उलटं आहे ते.

पंचवीसला जाणार आहे. भाषण लिहायला घेतो.

२४ जानेवारी

भाषण तयार. पाठ झालं. आरशासमोर पाहिलं, हात कुठे ठेवायचे तेवढं ठरत नाही. शुभाने निळा सदरा इस्त्री केला आणि म्हणाली, "उद्या काहीही झालं तरी घाबरू नका." मी म्हणालो, घाबरायचं कारण काय? ती हसली. सकाळपासून हसते आहे.

२५ जानेवारी

आल्यापासून बसून आहे. सगळं क्रमाने लिहितो.

टॅक्सीने जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने गेलो. मरोळला उंच काचेच्या इमारतींच्या मागे एकदम गावठाण लागतं, हे मला माहीत नव्हतं. अरुंद गल्ली, कोपऱ्यावर झेंडूचे हार घातलेला क्रूस, लाकडी जिन्याचं कौलारू घर. दारात मांडव. एक तांबडा कुत्रा धावत आला आणि सरळ शुभाच्या पायाशी जाऊन शेपटी हलवू लागला. मी म्हणालो, प्राण्यांना चांगली माणसं कळतात.

आत वीस-पंचवीस माणसं. ग्लेन पुढे आला. चेहऱ्याने खरोखर सालस आहे. त्याचे आईवडील उभे राहिले. मधोमध खुर्चीत लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, कानात जड सोनं घातलेली एक म्हातारी बसली होती. ती ग्लेनची आजी, सांतानबाय. बाईंना कामाला ठेवलेलं असावं आणि मानाने बसवलं असावं, असं मला पहिल्यांदा वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मी घसा साफ केला आणि सुरू केलं. या निर्णायक टप्प्यावर दोन्ही बाजूंनी दाखवलेल्या संयमाची आम्ही कदर करतो. प्रदीर्घ कोंडी फुटली आहे. कायमस्वरूपी शांततेच्या बांधिलकीचा आम्ही पुनरुच्चार करतो. सगळं अस्खलित इंग्रजीत, एकदाही न अडखळता. माझ्या आयुष्यातलं सर्वात चांगलं इंग्रजी होतं ते.

पंखा फिरत होता. ग्लेनचे वडील जमिनीकडे बघत होते. मग सांतानबाय पुढे वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"गार्गे, तुजे बापाला मराठी येत नाय काय गो?"

मांडवापर्यंत हशा पिकला. ग्लेनच्या आईने पदर तोंडाला लावला. ग्लेनचे वडील मला हाताला धरून बसवत म्हणाले, "बसा ओ. आमी हितलेच, मुंबयचे जुने किरिस्ताव. इस्ट इंडियन. आमचे घरान मराठीच बोलतान. इंग्रजी ऑफिसान." मग पत्नीला म्हणाले, "पानी आन गो, त्यांना घाम आला."

आणि त्या बाई आतून पाणी घेऊन आल्या, त्याबरोबर थाळीत फुगे. पाहिल्याबरोबर ओळखले. शुभाला म्हणाल्या, "शुभाबाय, या शनवारी आलाव नाय." शुभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "इस्त्री होती." तांबडा कुत्रा येऊन तिच्या पायावर झोपला.

सगळे हसत होते. गार्गी हसत नव्हती. भिंतीला टेकून ती माझ्याकडे बघत होती. ती चार महिने मला हेच सांगू बघत होती आणि मी एकदाही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. मला वाटलं, आता उठून जावं. पण जायला आता काही कारणच उरलं नव्हतं. सोळा आणे पक्कं निमित्त त्या म्हातारीने एका वाक्यात काढून घेतलं होतं.

सांतानबाय हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळच्या स्टुलावर बसायला लावलं. माझा हात आपल्या हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं,

"तुमची खुशी हाय ना?"

साधा प्रश्न. चार महिने मला तो कोणी विचारू नये म्हणून मी पेपर वाचत होतो, हे त्या क्षणी मला कळलं. इंग्रजीत असता तर उत्तर होतं. वी रिमेन कॉशसली ऑप्टिमिस्टिक, असं परवाच वाचलं होतं. मराठीत तसलं काही म्हणता येत नाही. मराठीत माणूस खोटं बोलला तर आवाजावरून कळतं.

गार्गीने ओठ घट्ट मिटले होते, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मिटायची तसे.

मी म्हणालो, "पूर्ण नाही. मला भीती वाटते. मुलगी लांब जाईल असं वाटतं. पण मी आलोय. आणि आता येत राहीन."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. वाट लागली सगळ्याची.

"बरा झाला बोललाव," त्या म्हणाल्या. "माजी पन पुरी नाय. माजे घरान येनारी पयली पोर ही, भायेरची. मना पन भ्या वाटतंय. हलूहलू व्हईल. चला, साखर आना."

साखर आली. त्यांनी चिमूट गार्गीच्या तोंडात घातली, मी ग्लेनच्या. अर्धी त्याच्या शर्टावर सांडली. तो म्हणाला, "चालतंय, बाबा." अंकल नाही म्हणाला.

गार्गी येऊन माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली.

टॅक्सीत शुभा म्हणाली, "मी माधुरीकडे जात नव्हते."

"कळलं."

"कधी?"

"कुत्रा तुमच्या पायावर झोपला तेव्हा." मी बायकोला कधी अहोजाहो करत नाही. आज तसं तोंडातून गेलं.

२६ जानेवारी

बागेत अनिरुद्ध भेटला. म्हणाला, "मोडलं का?" मी त्याला सांगितलं की साखरपुडा झाला, मे महिन्यात लग्न आहे, दोन्ही पद्धतींनी, आणि त्याने यायचं आहे. तो म्हणाला, "तिथे आपण बोलायचं काय?" मी म्हणालो, "मराठी." त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे.

९ फेब्रुवारी

काल एकटाच मरोळला गेलो होतो. निमंत्रण नव्हतं. सांतानबाय ओट्यावर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. मलाही एक सूप दिलं. दोन तास निवडले. त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायची रीत सांगितली. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. मुलीच्या बापाचं त्यात काही काम असतं का, असं विचारलं. नसतं म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तुमी घागर धरा."

पेपर बंद केला नाही, सवय झाली आहे. पण शब्द काढायचं राहून जातं.

आज संध्याकाळी गार्गी ऑफिसातून आली. मी आमटीला फोडणी देत होतो, बाटलीतल्या मसाल्याची. तिने चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डिसेंबरपासून विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बाबा, आज किती?"

मला आधी कळलं नाही. म्हणालो, आज शब्द काढलेच नाहीत.

"शब्द नाही रे," ती म्हणाली. "खुशी."

मी गॅस बारीक केला. खरं काय ते नीट बघितलं.

"कालच्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.